नाशिक–नागपूर विमान: अंतर 546 किलोमीटर, मग प्रवास एका तासाचा का नाही?

गुगलवर 'नाशिक ते नागपूर विमानाने किती वेळ' असं शोधलं, की दोन आकडे सापडतात: अंतर साधारण 546 किलोमीटर आणि वेळ तासाभराची. सहा-सात तासांच्या रस्त्याऐवजी एक तास? हिशोब इतका सोपा नाही.

546 किलोमीटर म्हणजे नेमकं काय?

ओझर आणि सोनेगाव या दोन विमानतळांमधली ही सरळ रेषा आहे. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा घेऊन उतरतं. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर थोडं वाढतं.

वेळ कशामुळे वाढते?

2023 मध्ये इंडिगोने ही सेवा सुरू केली ती एटीआर विमानाने. पंख्यांवर उडणाऱ्या या छोट्या विमानाचा वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर असतो. मोठी जेट विमानं 800 च्या वर जातात. म्हणजे एटीआरला फक्त हवेत तासाहून जास्त वेळ लागतो.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून ते दुसरीकडे उभं राहीपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट पाहणं, उतरण्यासाठीची रांग हे सगळं त्यात धरलेलं असतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, त्यामुळे नागपूरकडे जाताना मदत होते, तर येताना अडथळा.

घरापासून घरापर्यंत किती?

समजा तिकिटावर पावणेदोन तास आहेत. नाशिक शहरातून ओझर गाठायला पाऊण तास आणि उड्डाणाआधी दीड तास धरा. उतरल्यावर सामान घेऊन घरी पोहोचायला आणखी पाऊण तास. बेरीज होते पावणेपाच तास.

आता रस्ता. सिन्नरजवळून समृद्धी महामार्गाला लागलं, तर नागपूर सहाशे किलोमीटरच्या आसपास. कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 असली, तरी थांबे धरून सात तास लागतातच. म्हणजे विमानाने वाचतात साधारण सव्वादोन तास.

मग तिकीट काढावं का?

खरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. छोट्या शहरांमध्ये थेट विमान बहुतेकदा दिवसातून एकदाच असतं, कधी आठवड्यातले काही दिवसच. सकाळी अकराची कोर्टाची तारीख किंवा डॉक्टरांची वेळ असेल आणि विमान संध्याकाळचं, तर आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागतो. वाचलेले सव्वादोन तास तिथेच संपतात, वर हॉटेलचा खर्च. मुंबईमार्गे जोडविमान घेतलं, तर अनेकदा कारच आधी पोहोचते.

म्हणून तिकीट काढताना किलोमीटर पाहू नका. विमान थेट आहे का, कोणत्या वारी आहे आणि परतीचं कधी आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, त्यामुळे जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.