निर्माल्य मुसीत की माठाच्या वाफ्यात?

देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये म्हणून ते पाण्यात सोडावे, ही रूढी आम्हांस मान्य आहे. परंतु हैदराबादेत ते मुसीत, म्हणजे शहराच्या सांडपाण्यात लोटणे, यास पावित्र्य कसे म्हणावे? तेच निर्माल्य, दोरे व जर काढून, शेणामातीच्या थरांत रचिले तर सुमारे तीन महिन्यांत खत होते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरास ही रीत सिद्ध केली.

कंपोस्टच्या भाजीत जीवनसत्त्वे दुप्पट होतात, असे काही उत्साही मंडळी सांगतात. पुराव्यावाचून आम्ही ते मानीत नाही. माठातील लोह व कॅरोटीन मुख्यतः त्याच्या जातीचे. खत जमीन भुसभुशीत करते, ओल धरते. मात्र खुडलेल्या पाल्यातील 'क' जीवनसत्त्व तासागणिक घटते, हे निर्विवाद. (शिजविताना आणखी घटते, म्हणून तरी भाजी ताजी हवी.) देवळाच्या आवारातील वाफ्याचे मोल ते हेच: सकाळी खुडलेली तांबडी भाजी दुपारच्या महाप्रसादात.

राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून ज्या शहरी आली, तेथेच आमच्या पंगतीत बटाटा आणि साखरभात! विश्वस्तांनी उत्तर द्यावे.