जाताना जास्त, येताना कमी!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक गणित. घाबरू नका, भागाकार येत असला की झालं!

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,६०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने विमान किती वेळात पोहोचेल? शाब्बास, सात तासांत. आणि परत येताना? “त्यात काय विचारायचं, तेवढेच सात!” असं म्हणालात ना? फसलात!

प्रत्यक्षात लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात, आणि यायला त्याहून एखादा तास कमी. विमान तसंच, अंतर तेवढंच. मग हा तास जातो कुठे?

तो पळवतो वारा! जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहत असतात. त्यांना ‘जेट प्रवाह’ म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने आकाशात फुगे सोडून त्यांचा माग काढला होता. पण १९२६ साली त्यांनी हे छापलं एस्पेरांतो भाषेत. ती जाणणारे असे कितीसे? जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही!

नदीत प्रवाहाबरोबर होडी कशी भराभर जाते आणि उलट वल्हवताना कसा घाम निघतो, तसंच हे. ९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे न्यूयॉर्कहून आलेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांतच लंडनला उतरलं. त्या वेळी वादळ होतं आणि वारा होता विमानाच्या पाठीशी!

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, “जाताना वाऱ्याने वेळ घेतला, येताना परत दिला. हिशेब फिटला!” खरंच फिटला का? कागद-पेन्सिल घ्या.

समजा, वारा ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना तो समोरून येतो, म्हणून वेग उरला ७००. वेळ लागला आठ तास. येताना वेग झाला ९००. वेळ लागला ६ तास १३ मिनिटं. बेरीज १४ तास १३ मिनिटं. वारा नसता तर? बरोबर १४ तास. म्हणजे १३ मिनिटांचा तोटाच!

असं का? अहो, वारा विरुद्ध असतो तेव्हा तो आपल्याला आठ तास छळतो. मदतीला असतो तेव्हा मात्र सव्वासहा तासांच्या आतच त्याची साथ संपते!

तेरा मिनिटं म्हणजे फार नाहीत, असं वाटेल. पण अटलांटिक महासागरावर कुठे पेट्रोल पंप आहे? म्हणून उड्डाणापूर्वीच वाऱ्याचा अंदाज बघून इंधन ठरवावं लागतं. कमी भरलं तर जिवाशी गाठ. उगाच जास्त भरलं तर वजन वाढतं, आणि ते वाहायला आणखी इंधन जळतं. तुमच्या वहीतलं गणित चुकलं तर लाल फुली मिळते. इथे मात्र शेकडो माणसांचा जीव त्या उत्तरावर अवलंबून असतो.

जाता जाता एक कोडं. समोरचा वारा ताशी ८०० किलोमीटर झाला, तर आपलं विमान न्यूयॉर्कला कधी पोहोचेल? आईबाबांनाही विचारा. उत्तर पुढच्या अंकात!