मतपेटीतून आलेल्या न्यायाधीशबाई



सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे धाकटे दीर अमेरिकेत असतात. फोनवर बोलता बोलता ते म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे यंदा न्यायाधीशांचंही मतदान आहे." वहिनींना वाटलं, चेष्टाच करताहेत. नगरसेवक निवडून येतो, सरपंच निवडून येतो, पण न्यायाधीश? आणि पत्राच्या शेवटी, अगदी कोपऱ्यात, खरा प्रश्न: धाकट्या लेकीला वकिलीला जायचंय, घरात कुणाचंच मन नाही. कोर्टात बाईमाणसाचं काय काम, असं सासूबाईंचं म्हणणं.

आधी दिरांचं बोलणं. त्यात चेष्टा काही नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत काउंटीच्या न्यायालयातले न्यायाधीश मतदानाने येतात. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. उमेदवार वकील हवा, आणि मुदत संपली की पुन्हा लोकांपुढे जायचं. केंद्र सरकारच्या न्यायालयांतल्या नेमणुका मात्र राष्ट्राध्यक्ष करतात.

याच वाटेने गेलेल्या एका बाईंची हकीगत सांगते, म्हणजे सासूबाईंनाही उत्तर मिळेल. फ्लॉरेन्स ॲलन त्यांचं नाव. जन्म 1884 चा. वडील ग्रीक-लॅटिनचे जाणकार, आई शिकलेली. फ्लॉरेन्सबाईंना खरं तर पियानो वाजवायचा होता, त्यासाठी त्या बर्लिनला जाऊन राहिल्या. पण नसेच्या दुखण्यामुळे ते स्वप्न सुटलं. परत येऊन ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात वर्तमानपत्रासाठी संगीतावर लिहू लागल्या. कायद्याकडे वळल्या त्या नंतर. गावातल्या विद्यापीठाचं कायद्याचं महाविद्यालय बायकांना घेत नव्हतं, म्हणून आधी शिकागो आणि मग न्यूयॉर्क. 1913 साली पदवी मिळाली, 1914 मध्ये सनद.

सनद मिळाली म्हणून अशील येतात थोडेच! त्यांनी स्वतःचंच लहानसं ऑफिस थाटलं, गरिबांचे खटले फुकट चालवले, आणि उरलेल्या वेळात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून राज्यभर भाषणं देत हिंडल्या. ओहायोत त्यासाठी 1912 आणि 1914 साली मतदान झालं. मतदार सगळे पुरुष. दोन्ही वेळा हार! मग ईस्ट क्लीव्हलंड नावाच्या छोट्या गावाने 1916 साली आपल्या नगरपालिकेपुरता बायकांना मताचा हक्क दिला. ते कायद्यात बसतं का, असा वाद वरच्या न्यायालयात गेला, तेव्हा बायकांच्या बाजूने फ्लॉरेन्सबाई उभ्या राहिल्या आणि 1917 साली त्यांनी तो जिंकला. देशाचा हक्क मिळेना तर गावाचा घ्यावा, ही युक्ती मला फार आवडते.

1919 मध्ये त्या कायाहोगा काउंटीच्या सहायक सरकारी वकील झाल्या. क्लीव्हलंड याच काउंटीत येतं. पुढच्या वर्षी, 1920 च्या ऑगस्टमध्ये, साऱ्या देशात बायकांना मताचा हक्क मिळाला. नोव्हेंबरात निवडणूक. पण पक्षांनी आपापले उमेदवार आधीच ठरवून टाकलेले. तिकीट कुठून मिळणार? मग कायद्यातली दुसरी वाट शोधली: मतदारांच्या सह्यांचा अर्ज करून उभं राहायचं. इतकी वर्षं ज्या बायका मोर्चे काढत होत्या, त्याच आता सह्यांचे कागद घेऊन बाहेर पडल्या. विचार करा, ज्यांना स्वतः पहिल्यांदाच मत द्यायचं होतं त्या बायका उमेदवारही उभा करत होत्या! फ्लॉरेन्सबाई निवडून आल्या. अशा सर्वसाधारण न्यायालयावर लोकांनी मतं देऊन बसवलेल्या त्या अमेरिकेतल्या पहिल्याच बाई.

पुढची गंमत ऐका. त्या रुजू होतात न होतात तोच बरोबरच्या न्यायाधीशांनी, म्हणजे सगळ्या पुरुषांनी, सुचवलं की घटस्फोटाचे खटले बाईंकडे सोपवून टाकू. बाईमाणूस, घरगुती भांडणं, जोडी जमली! फ्लॉरेन्सबाईंनी साफ नकार दिला. माझं लग्न झालेलं नाही, मला संसाराचा काय अनुभव, तुम्ही सगळे संसारी, तुम्हीच चालवा, असं त्यांचं म्हणणं. आणि लोकांनी मला निवडून दिलंय ते सगळ्या प्रकारच्या खटल्यांसाठी. हे उत्तर मी मनात जपून ठेवलं आहे. आपल्यालाही कुठल्याशा मंडळात घेतात आणि चहा-फराळाची जबाबदारी देतात, तेव्हा उपयोगी पडेल.

मग काय, खुनाचे खटलेसुद्धा त्यांच्यापुढे चालले. 1921 मध्ये तर क्लीव्हलंडच्याच नगर न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाला खोट्या साक्षीबद्दल त्यांच्यापुढे शिक्षा झाली. 1922 साली त्या ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आल्या, 1928 मध्ये पुन्हा. 1934 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी त्यांना केंद्राच्या अपील न्यायालयावर नेमलं. 1959 मध्ये निवृत्त झाल्या आणि 1966 साली वारल्या.

न्यायाधीश निवडून द्यावेत का, यावर तिकडेही वाद आहे. प्रचाराला पैसा लागतो, आणि देणगी देणाऱ्यांत उद्या त्याच न्यायाधीशापुढे उभे राहणारे वकीलही असतात. मला विचाराल तर आपली नेमणुकीची पद्धत बरी. पण 1920 साली फ्लॉरेन्सबाईंना आपण होऊन कुणी नेमलं असतं, असंही मला वाटत नाही.

आणि त्याच काळी आपल्याकडे काय होतं? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 सालीच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. पण बाई म्हणून वकिली करता येत नव्हती. ती आडकाठी दूर करणारा कायदा झाला 1923 साली. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, आल्या त्या 1978 मध्ये.

तेव्हा सांगलीच्या भगिनी, लेकीला जाऊ द्या. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवी झाली असेल तर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी आधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर आपल्याकडे मतं मागत फिरायला नको. दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत परीक्षा होते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्कं करून घ्या. सासूबाईंना एवढंच सांगा की 1987 च्या कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज द्यायचा. तिथे जाणाऱ्या बाईला आपलं दुखणं एखाद्या वकीलबाईपुढेच मोकळेपणी सांगावंसं वाटलं, तर ती वकीलबाई कुणाची तरी लेक असायला हवी ना?