बाग दुसऱ्याची, वेल आपली

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड तालुक्यांची द्राक्षे परदेशात जातात. त्या बागांतून छाटणी, विरळणी, तोडणी करणाऱ्या हातांत आमच्या माताभगिनींचेही हात आहेत. कोणती काडी ठेवावी, कोणती काढावी हे त्यांना पाहताक्षणी कळते. मालक मात्र दुसरा. याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ साली जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पिंपात लावलेली वेल ही त्या जमिनीची भरपाई होत नाही. तो लढा चालूच ठेवला पाहिजे. पण मजुरीच्या भावाने जाणारे हे ज्ञान आपल्या दारात, आपल्या लेकरांसाठी वापरायला सातबारा लागत नाही. म्हणून या खेपेला पिंपातल्या द्राक्षवेलीविषयी.

२०० लिटरचे पिंप आडवे कापले की दोन वेलींची सोय होते. रसायनाचे वा औषधाचे पिंप मुळीच घेऊ नये. बुडाला बोटभर जाडीची सात-आठ भोके पाडून पिंप विटांवर ठेवावे. तळाशी विटांचे तुकडे, वर दोन वाटे माती, एक वाटा कुजलेले शेणखत आणि एक वाटा जाड वाळू घालावी. भरलेले, भिजलेले पिंप शंभर किलोच्या वर जाते. त्यामुळे ते पत्र्यावर किंवा चाळीच्या लाकडी गॅलरीत ठेवू नये. जमिनीवर ठेवणे सर्वांत बरे. दिवसाला सहा-सात तास ऊन हवेच.

रोपवाटिकेतून कलमी रोप आणावे. ते न जमल्यास ऑक्टोबरच्या छाटणीत पडलेली, पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची तपकिरी काडी मालकाला विचारून आणावी. दोन डोळे मातीत, दोन वर, अशी पिशवीत लावून माती ओलसर ठेवावी. मुळे धरली की फेब्रुवारीच्या सुमारास पिंपात हलवावी. जोमदार फुटवा एकच ठेवून बांबूला बांधावा. मांडवाच्या उंचीला पोचला की शेंडा खुडावा आणि दोन बाजूंना दोन ओलांडे न्यावेत. पहिल्या वर्षी फळाची आशा धरू नये.

पुढे सारे काम दोन छाटण्यांचे. त्यांचे दिवस आपल्या घरात कोणी विसरणार नाही. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती झाली की खरड छाटणी. ओलांड्यावरच्या प्रत्येक काडीचा एकच डोळा ठेवून बाकी कापावे. नव्या फुटीला उन्हाळ्याचे ऊन मिळाले की तिच्या डोळ्यांत पुढचे घड तयार होतात. १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की गोडी छाटणी. पिकून तपकिरी झालेल्या काडीचे सहा ते आठ डोळे ठेवावेत. साधारण चार महिन्यांनी घड तोडणीला येतात. पिंपातल्या वेलीवर पहिल्या बहाराला चार-पाच घडच ठेवावेत. अधिक ठेवले तर वेल थकते.

पाणी उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात माती पाहून द्यावे. दमट हवेत पानांवर केवडा आणि भुरी येते. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण घरीच करता येते. दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून पाणी एक लिटर करावे आणि त्याच दिवशी फवारावे. मुंबई-कोकणच्या पावसात वेल सावली देईल, फळाची खात्री नाही. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या कोरड्या हवेत मात्र ती फळते.

आणखी एक. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते जहाल आहे; घरच्या वेलीला त्याची गरज नाही. मजुरीवर जाणाऱ्यांनी हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये आणि मालकाकडे ते हक्काने मागावेत. हे औषध हाताळणाऱ्याने दारू घेतली तर जिवावर बेतू शकते. पाचवे शील पाळणाऱ्या घराला हे वेगळे सांगायला नको, पण मुकादमाला आणि सोबत्यांना जरूर सांगावे.

वेलीच्या तारखा एका वहीत मुलांनी लिहाव्यात, कात्री आईच्या हाती असावी. आई दुसऱ्याच्या बागेत नुसती राबत नाही, ती एका विद्येची जाणकार आहे, हे मुलांना एकदा घरीच दिसू द्या.

जय भीम!