आधी वावराची माती बघा, मग संडास निवडा

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका माउलीने २०१५ साली मंगळसूत्र विकून घरी संडास बांधला, त्याचं राज्यभर कौतुक झालं. रास्तच होतं. पण संडास टिकतो तो खालच्या जमिनीच्या जिवावर, आणि त्या जमिनीची चौकशी आपल्या जिल्ह्यात कोणी करत नाही.

स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपये मिळतात आणि बहुधा दोन शोषखड्ड्यांचा नमुना सुचवला जातो. मुरमाड जमिनीत तो उत्तम. पण काळ्या भारी रानात पावसाळ्यात पाणी जिरत नाही, खड्डा तुडुंब होतो. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की विटा तडकतात. अशा जमिनीत खड्ड्याभोवती वाळू-गिट्टीचा थर द्यायचा असतो. तो किती जणांनी दिला? आणि डोंगरउतारावरच्या तांड्यांत तर हातभर खणलं की दगड.

मग लोक सेप्टिक टँककडे वळतात. शेतवस्तीसाठी याहून वाईट निवड नाही, असं माझं मत आहे. पाणी जास्त लागतं, आणि टाकी उपसणारी गाडी पांदण रस्त्याने येत नाही. आलीच तर मैला जवळच्या नाल्यात.

काळ्या रानात आणि दगडाळ तांड्यांत जमिनीवर बांधलेला, दोन कप्प्यांचा कोरडा खतसंडास हवा. लघवी आणि धुण्याचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर काढायचं. हे चुकलं तर बाकी सगळं फुकट. कप्प्यात पाणी गेलं की मैला कुजायचं सोडून सडतो, मग वास आणि माशा. दर वापरानंतर डबाभर राख आणि सोयाबीनचं कुटार टाकायचं, जे आपल्याकडे ढिगाने पडलेलं असतं. पाच माणसांना साधारण एक घनमीटरचा कप्पा वर्षभर पुरतो. भरला की बंद करून दुसरा वापरायचा, आणि बंद कप्प्याला वर्षभर तरी हात लावायचा नाही, कारण जंतांची अंडी फार चिवट. पंख्यावर चालणारे महागडे तयार नमुनेही मिळतात. वीजच नसलेल्या वस्तीवर ते कशाला?

उपसणार कोण, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, ते भंगीमुक्तीच्या, म्हणजे माणसाने माणसाचा मैला उचलण्याची प्रथा संपवण्याच्या, ध्यासातूनच. पूर्ण कुजण्याआधी मैला हाताने काढावा लागेल, अशा संडासाला २०१३ च्या कायद्यानेही बंदी आहे. तेव्हा वर्षाआत दार उघडायचं नाही, आणि पुढे खत काढायचं ते घरमालकानेच. त्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलावणार असाल, तर हा संडास बांधूच नका.

जिल्हा परिषदेला विनंती, की कोरड्या खतसंडासालाही अनुदान द्यावं आणि प्रत्येक तालुक्यात एखादा बांधून दाखवावा. जमिनीची परीक्षाही सोपी आहे: खड्डा खणून त्यात पाणी ओतलं की ते किती जिरतं हे अर्ध्या दिवसात कळतं. अनुदानाचा हप्ता काढण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तेवढं करून घ्यावं.

– एक शेतकरी वाचक,
ता. मानोरा, जि. वाशीम