ओरखडा दिसला त्याच आठवड्यात बुजवा

आज पिकाचं नाही, गाडीचं बोलतो. ऊसतोडीचे दिवस आहेत. पाणंदीतून गाडी काढताना वेड्या बाभळीची फांदी दारावरून करकरत जाते आणि आपण म्हणतो, "शेतातली गाडी हाय, चालायचंच." मीही हेच म्हणायचो. पिकअपचा पत्रा गेला तेव्हा मत बदललं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या चाकावरच्या पत्र्याला दगड लागला. बोटभर ओरखडा. तसाच ठेवला. त्यातूनच पोटॅशची पोती आणली, एक फुटलेलं होतं, तरी गाडी धुतली नाही. चूक माझीच. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले. नखाने खरवडलं तर पत्रा पापुद्र्यासारखा निघाला. ओरखडा बोटभर होता, गंज तळहाताएवढा. शेवटी तेवढा पत्रा कापून जोड मारावा लागला.

कंपनीचा रंग म्हणजे प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, वहीच्या दोन पानांएवढं. ते फाटलं की पत्र्याला हवा-पाणी लागतं आणि गंज रंगाच्या आडून पसरत जातो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊ. त्याने गंज जोरात पळतो. मोरचूदही तसंच. बोर्डोत चुना कमी पडला की बुडवलेल्या विळ्यावर तांबूस थर चढतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उघड्या पत्र्यावर मोरचुदाचं पाणी सांडलं की तिथंही तेच होतं.

आता मी काय करतो ते सांगतो. ओरखड्यावर पाणी लावायचं. दिसेनासा झाला आणि नखही अडकत नसेल, तर तो वरच्याच थरात आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशवर भागतं. नख अडकलं किंवा पत्रा दिसला, तर धुवून पूर्ण वाळवायचं, गंज असेल तेवढाच पॉलिश पेपरने काढायचा, तेलकटपणा पुसायचा, प्रायमर लावायचा, वाळला की टचअपचा रंग आणि शेवटी पारदर्शक थर. पातळ पातळ हात द्यायचे. सुगीत वेळ नसेल तर निदान धुवून, वाळवून ग्रीस लावून ठेवा. मात्र रंगाआधी ते थिनरने पूर्ण काढा, नाहीतर रंग धरणार नाही. गंजावरच लांबी भरून रंग मारू नका. चार महिने छान दिसतं, आतून खातच राहतं.

चकाकीच्या कोटिंगवर हजारो रुपये घालणाऱ्यांना माझं सांगणं आहे: त्याने धूळ-चिखल लवकर सुटतो, हे खरं, पण बाभळीचा काटा आणि उडालेला खडा त्याने अडत नाही. आपल्या गाडीला पाण्याचा पाइप जास्त उपयोगाचा. खत-औषध वाहिलं की त्याच संध्याकाळी हौदा, चाकावरचा पत्रा आणि खालची बाजू धुवा. आणि धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका. त्या धुळीत वाळू असते, आपण आपल्याच हाताने गाडी घासतो.

डाळिंबाची फांदी कापली की आपण जखमेवर लगेच बोर्डो पेस्ट लावतो, पुढच्या हंगामाची वाट बघत नाही. गाडीलाही तोच नियम लावा. उद्या धुताना जरा खाली वाकून चाकावरचा पत्रा बघा.