लाल ते सगळंच माणिक?

मुलांनो, चकाकतं ते सारं सोनं नसतं, हे तुम्ही ऐकलंच असेल. आज त्याचीच बहीण ऐका. लाल ते सगळं माणिक नसतं! इथं भलेभले राजेसुद्धा फसले, बरं का.

इंग्लंडच्या राजमुकुटात अगदी समोर एक मोठ्ठा लालबुंद खडा आहे. १३६७ साली कॅस्टिलच्या पेद्रो राजाकडून तो 'ब्लॅक प्रिन्स' या इंग्रज राजपुत्राला मिळाला, असं सांगतात. म्हणून त्याचं नाव 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक'. पण ते माणिक नाहीच! तो आहे स्पिनेल, म्हणजे 'लाल' नावाचं वेगळंच रत्न. १७८३ साली रोमे द लिल या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही दोन खनिजं वेगळी असल्याचं दाखवून दिलं.

मग खरं माणिक कोणतं? धार लावायला वापरतात तो कुरुंद ठाऊक आहे ना? माणिक हे त्याचंच देखणं भावंड. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं हे खनिज मुळात बिनरंगी. त्यात क्रोमियमचा किंचित अंश आला की झालं माणिक! लोखंड आणि टिटॅनियम आलं, तर नीलम. स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असतं. पण त्यालाही लाली क्रोमियमच देतं. म्हणून तर डोळे फसतात. हिऱ्याच्या काठिण्याला १० गुण दिले, तर माणकाला ९ आणि स्पिनेलला ८. शिवाय बाजू बदलून पाहिलं, की माणकात लाल रंगाच्या दोन छटा दिसतात. स्पिनेल सगळीकडून सारखाच.

माणकाभोवती समजुतीही भरपूर. नवरत्नांत ते सूर्याचं रत्न. ब्रह्मदेशातल्या मोगोकची माणकं जगप्रसिद्ध. तिथले लढवय्ये म्हणे कातडीखाली माणिक बसवून घेत, म्हणजे शस्त्र लागणार नाही! आता तुम्हीच सांगा, एवढासा खडा तलवार कशी अडवणार?

माणकाची खरी करामत वेगळीच आहे. १९०२ साली व्हेर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञानं ज्वालेच्या उष्णतेत माणिक बनवायची रीत जाहीर केली. अशाच कृत्रिम माणकाच्या कांडीतून १९६० साली मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं जगातला पहिला लेसर किरण काढला. आणि आजोबांच्या किल्लीच्या घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असेल, तर तीही बहुधा अशीच चिमुकली माणकं! चाकांचे आस झिजू नयेत, म्हणून बसवलेली.

म्हणजे बघा, राजाच्या मुकुटातला तो मोठ्ठा लालबुंद खडा माणिक नाही, पण आजोबांच्या मनगटावर माणिक आहे! तेव्हा नुसत्या रंगावर भुलू नका. आईबाबांनाही सांगा, खडा घेण्याआधी प्रयोगशाळेचा दाखला मागायचा!